मधली रिकामी चौकट

जिना अरुंद होता, आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर चपलाच चपला.

शहापूरच्या बाजारपेठेत, कापडाच्या दुकानावरच्या माडीत दामूसरांचा कॉम्प्युटर क्लास होता. देवळात शिरावं तसं तिथं अनवाणी शिरायचं, असा सरांचा नियम. आत गार हवा, खिडक्यांना पडदे, आणि रोज सकाळी प्रत्येक मॉनिटरपुढून फिरवलेल्या उदबत्तीचा वास. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतून यायचं, आणि येताना किंचाळायचं. ती किंचाळी ऐकली की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वर बघायचं.

हर्षाली फ्लॉप्यांचा डबा घेऊन जिना उतरत होती. तो वर चढत होता. उंच, खांद्यानं रुंद, आणि छातीशी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. झोपलेलं लेकरू धरावं तसं.

दोघंही थांबले. वाट एकाच माणसापुरती.

"बाळ झोपलंय का?" हर्षालीनं आवाज एकदम खाली आणून विचारलं.

"बाळ नाय. वीणा हाय." तोही तितक्याच हळू बोलला, आणि मग आपण कशाला कुजबुजतोय म्हणून स्वतःशीच हसला. "भोपळ्याला चीर गेलेली. बुजवून आणली. जरा... धरता का? बुटाच्या नाड्या सोडायच्यात. हिला चपलांमधी ठेवता यायची नाय."

हर्षालीनं डबा पायरीवर ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. गोधडीसकट वीणा तिच्या कुशीत आली आणि आतल्या आत तार हलली. ऐकू आलं असं म्हणवत नाही. पण तिच्या बरगड्यांना ते कळलं. अंगावर काटा आला तिच्या... भर दुपारी, चपलांच्या गर्दीत.

तो वाकून नाडीच्या गाठीशी झटापट करत होता. गाठ काही सुटेना.

"आमच्या गावची एक रीत हाय," तो मान वर न करता म्हणाला. "वीणा ज्याच्याकडं, त्यानं खोटं बोलायचं नाय."

"बरं."

"मंग सांगा. इथं इंटरनेटवर पान करून देतात म्हनं. करणाऱ्याला चांगलं जमतं का?"

हर्षालीला हसू फुटलं. करणारी तीच होती.

"मीच करते," ती म्हणाली. "आजवर एकच केलंय. आमच्या क्लासचं. त्यात सरांचं तोंड लांबट आलंय."

त्यानं मान वर केली. पहिल्यांदाच नीट बघितलं तिच्याकडे. आणि असा खळखळून हसला की वरून दामूसर ओरडले, "कोण आहे रे जिन्यात?"

"हनुमान," तो उठत म्हणाला. सरांना की तिला, कोण जाणे.

*

हनुमान म्हशाच्या पुढच्या उंबरवाडीचा. डोंगराच्या पायथ्याशी चार बिघे भेंडी, आणि घरात वडिलांपासून चालत आलेली वीणा. दरवर्षी चैत्रात गावात सप्ताह बसे, हनुमान जयंतीला शिगेला पोचे आणि दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन होऊन उठे. त्याचा चुलतभाऊ अजय मस्कतला कामाला गेला होता. त्यानं कळवलं होतं, बाबांनो, मला रजा नाही. सप्ताह इंटरनेटवर टाका, मी इथून हात जोडीन. गावानं हे काम हनुमानाच्या गळ्यात घातलं होतं.

मग बाजारच्या दिवशी भेंडीची पाटी विकली की तो क्लासात येऊ लागला. हात धुतले तरी बोटांना भेंडीची खाज असायची. खुर्चीत बसला की तळवे मांडीवर घासायचा. हर्षाली ते बघायची, आणि बघितलं नाही असं दाखवायची.

पहिल्या दिवशी तिनं पडद्यावर कोरं पान उघडलं. माउस दाबून वरून खाली तिरका ओढला. निळ्या कडांची एक चौकट उमटली. आणि उमटताक्षणी तिच्याभोवती हिरव्या कडेचं मोठं टेबल उभं राहिलं. उरलेल्या जागेचे करडे तुकडे आपसूक पडले, रेघेला रेघ भिडली.

हनुमान पुढे सरकला.

"ही निळी तुमी काढली."

"हो."

"आनि ही हिरवी?"

"ती आपोआप येते."

"आपोआप म्हंजे... कोण काढतं?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिनं स्वतःलाही नाही.

"असं आहे," ती सावकाश म्हणाली, "एकटी चौकट पानावर मधेच तरंगू शकत नाही. तिला टेकायला शेजार लागतो. म्हणून हा प्रोग्राम तिच्याभोवती बाकीचं सगळं मांडतो. आपल्याला नुसतं आपलं एक काढायचं."

हनुमानानं पडद्यावरच्या हिरव्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "पोर जन्माला येतं. त्याच्या आधीच आई असते, बाप असतो, गाव असतं, नदी असते. कुणी मांडलेलं असतं? पोराला वाटतं आपोआपच हाय सगळं."

बाहेर रिक्षा वाजत होत्या. दामूसर कुणाला तरी फी विचारत होते. आणि हर्षालीला मात्र वाटलं, आपण रोज हजारदा ओढतो ती रेघ आज पहिल्यांदा बघितली.

"आता तुम्ही काढा," तिनं माउस त्याच्याकडे सरकवला.

"मी? नको. बिघडलं म्हंजे?"

"भेंडी तोडता ना? तितक्या हलक्या हातानं."

त्यानं माउस असा धरला की जणू उडून जाईल. ओढला. चौकट वाकडीतिकडी जाईल म्हणून दोघांनीही श्वास धरला. पण चौकटीला वाकडं येतंच कुठं! ती सरळच आली, फक्त हर्षालीच्या चौकटीपासून जराशा अंतरावर. आणि त्यानं बोट सोडताच टुणकन सरकून तिच्या चौकटीला चिकटली.

"मी नाय केलं!" हनुमान दचकून म्हणाला.

"माहीत आहे. जवळ आली की चिकटते ती. तसंच बनवलंय."

"मंग..." त्याचे कान लाल झाले. "मंग जरा लांबच काढाय पायजे होती."

"का?" हर्षालीनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

त्यानं तळवे मांडीवर जोरजोरात घासले.

*

माघ सरत आला तसं पानही भरत आलं. वरती मंडळाचं नाव. डावीकडे सात दिवसांची कीर्तनं. उजवीकडे फोटो. तो गावाकडून फोटो आणायचा, हर्षाली ते मशीनवर पालथे घालून कॉम्प्युटरात घ्यायची. हात उंचावलेले कीर्तनकार बुवा. घामेजलेला पखवाजवाला. टाळकऱ्यांची रांग. आणि येताना हनुमान मोकळ्या हातानं कधी येत नसे. कधी पानात बांधलेली मोहाची फुलं, कधी कोवळ्या कैऱ्या. "आयेनं दिल्यात," असं सांगायचा. एकदा हर्षालीनं विचारलं, "तुमच्या आईला माझं नाव माहीत आहे?" तेव्हा तो म्हणाला, "आता तिला दुसरं नाव कुठं आठवतं." आणि बोलून गेल्यावर एवढा गोंधळला की चष्मा नसताना नाकावरचा चष्मा सावरायला गेला.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली होती. प्रत्येक फोटोत बुवांच्या मागे, कडेला, कुणीतरी अर्धं असायचं. कधी नुसता खांदा. कधी वीणेची दांडी धरलेली चार बोटं.

"हे कोण?" तिनं एकदा विचारलं.

"बाबा," हनुमान म्हणाला.

लखमाबुवा. पण बुवा नुसतं म्हणायला. कीर्तन त्यांनी कधी केलं नाही, अभंग मोठ्यानं म्हटला नाही. ते वीणेकरी. सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकवायची नाही, रात्र असो दिवस असो, कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात ती असलीच पाहिजे. पाळीपाळीनं पहारा करायचा. ज्याच्या पाळीला माणूस आला नाही, ती पाळी लखमाबुवांची. मागच्या वर्षी ते गेले.

"पाळी बदलताना कसं असतं, ठावं हाय?" हनुमानाचा आवाज बारीक झाला होता. "घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, आनि देणाराबी घेणाऱ्याच्या पडतो. लहानमोठं नाय बघायचं. मी बारका होतो, तवा बाबा वाकून माझ्या पाया पडायचे. मला लई लाज वाटायची. ते म्हनायचे, तुझ्या नाय रे, तू जे घेतोयस त्याच्या."

हर्षालीनं डोळ्यांच्या कडा बोटानं पुसल्या. तिची आई प्रमिला बाजारात हार-गजरे विकायची. कीर्तन कुठंही असो, मायलेकी जायच्या. पण आजवर तिनं बुवांकडेच बघितलं होतं. त्यांच्या मागे उभ्या माणसाकडे कधी नाही.

"त्यांचा एखादा तरी नीट फोटो?"

"काढूच दिला नाय. म्हनायचे, खांबाचा कुणी फोटो काढतं का?" हनुमान थांबला. मग म्हणाला, "एक करता? पानाच्या मधोमध त्यांची एक चौकट काढा. पण... रिकामी. तिच्यात काय बी घालायचं नाय. फूल नाय, नाव नाय, काय नाय."

हर्षालीनं पानाच्या बरोबर मध्यावर माउस ठेवला. श्वास रोखून, तुळशीपुढे रांगोळीची पहिली रेघ ओढावी तशी ओढली. निळी, रिकामी, शांत चौकट. आणि भोवतीचं सगळं पान तिला जागा करून देत सरकलं.

तेवढ्यात प्रोग्रामनं एक प्रश्न विचारला. रुंदी टिकावी म्हणून रिकाम्या ठिकाणी एक चित्र घालून ठेवू का?

हनुमान म्हणाला होता, काय बी घालायचं नाय.

हर्षालीनं 'नको' दाबलं.

*

घरी आईला सगळं कळलं होतं. आयांना कळतंच. गजरा ओवता ओवता ती म्हणाली, "गो, तो उंबरवाडीचा चांगला हाय. पण त्याच्यावर जीव नको लावू."

"कोणी लावलाय?"

"मोहाची फुलं सांगतात की." प्रमिलानं दोऱ्याला गाठ मारली. "बाजारात त्या गावची धोंडूबाय भेटलेली. ती म्हनली, तो लगीन करायचा नाय. गावची तरणी पोरं कारखान्यात गेली, गोदामात गेली. वीणा धरायला माणूस नाय. हा म्हनतो, मी गाव सोडणार नाय, आनि शिकलेली पोर ह्या डोंगरात कशाला आणू. आनि बाई, नाव तरी बघ त्याचं! ब्रह्मचाऱ्याचंच ठेवलंय."

हर्षाली हसली. हसू मात्र टिकलं नाही. कारण त्याच आठवड्यात दामूसरांनी तिला आनंदानं सांगितलं होतं, ठाण्याच्या एका कंपनीला तिचं काम आवडलंय, चैत्र संपला की कामावर ये. एवढी मोठी बातमी... आणि तिला सगळ्यात आधी कुणाला सांगावंसं वाटलं? अन् कुणाला सांगायची भीती वाटली? एकाच माणसाला.

त्यानं एवढंच म्हणावं, की जाऊ नको. किंवा परत ये म्हणून. काहीतरी म्हणावं.

बाजारच्या दिवशी पान इंटरनेटवर चढवलं. थोड्या वेळानं मस्कतहून अजयची मेल आली. हर्षालीनं मोठ्यानं वाचली. अजयनं लिहिलं होतं, पान छान आहे, पण सगळं चेंगरलंय. कीर्तनांची यादी फोटोंवर आदळलीय, आणि मधे म्हणे लखमाकाकांची जागा आहे, ती मला कुठं दिसत नाही.

तिनं कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पान उघडून बघितलं. खरंच. तिच्या पडद्यावर जे इतकं नेटकं दिसत होतं, ते इथं जत्रेतल्या गर्दीसारखं एकमेकांत घुसलं होतं. मधली चौकट मिटली होती. रेघसुद्धा उरली नव्हती.

हनुमान मागे उभा होता. तो म्हणाला, "बाबा व्हते तवा बी असंच. जागा कुणाला दिसली नाय." आणि रिकामी पाटी उचलून जिना उतरून गेला.

*

हर्षाली त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या सकाळी क्लास उघडायच्या आत ती दारात उभी होती.

दामूसरांनी पान बघितलं, डोकं खाजवलं. "अगं, रिकामी चौकट ब्राउझरच्या लेखी नसतेच. तिच्यात काही नसेल तर शेजारचे तिला गिळतात. प्रोग्रामनं विचारलं नाही तुला?"

"विचारलं होतं. मी नको म्हटलं."

"का?"

का, ते सरांना काय सांगणार! कुणाचा तरी शब्द पाळला म्हणून पान मोडलं.

सरांनी दाखवलं. एक चित्र असतं, एका ठिपक्याएवढं. आरपार. त्याला रंग नाही, रूप नाही. ते चौकटीत ठेवायचं आणि हवं तेवढं ताणायचं. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. पण चौकट मिटत नाही. तिच्यावर टेकलेलं पान ढळत नाही.

हर्षाली ऐकत होती... आणि तिच्या अंगावर पुन्हा तोच काटा आला. जिन्यातला. गोधडीतली तार हलली तेव्हाचा.

रूप नाही, रंग नाही, आणि सगळं त्याच्यावर उभं आहे. हे तर ती लहानपणापासून आईच्या मांडीवर बसून ऐकत आली होती. बुवा डोळे मिटून सांगायचे आणि तिला वाटायचं, ही फार लांबची, फार मोठी गोष्ट आहे. ती इथं होती. कापडाच्या दुकानावरच्या माडीत. तिच्या बोटाखाली.

पुढच्या बाजारच्या दिवशी हनुमान आला. येईल की नाही, या विचारानं ती जिन्याकडे इतकी बघत होती की पायऱ्यांवरच्या चपला पाठ झाल्या होत्या.

"बसा," ती म्हणाली. "तुमचा शब्द मी मोडलाय. त्या चौकटीत काहीतरी घातलंय."

त्याचा चेहरा पडला. "काय?"

"बघा की."

त्यानं जुन्या कॉम्प्युटरवरचं पान बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. यादी डावीकडे, फोटो उजवीकडे, आणि मधे ती शांत, मोकळी जागा. पूर्ण. रिकामी.

"काय बी नाय दिसत."

"दिसतच नाही ते." आणि मग आपल्या कॉम्प्युटरवर येऊन तिनं त्या मोकळ्या जागेवर एकदाच टिचकी मारली. चारी बाजूंनी बारीक काळी रेघ उमटली. तिथं काहीतरी होतं. आधीपासून होतं. "न दिसणारं चित्र आहे. तेच सगळं पान धरून उभं आहे. काढलं, तर..."

हनुमानाचे हात आपोआप जोडले गेले. पडद्यापुढे, उदबत्तीच्या वासात. आणि हर्षालीला समजलं, की आपला जीव ह्या माणसावरून आता परत येणार नाही.

म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "मला ठाण्याला काम लागलंय. चैत्र संपला की जायचंय."

जोडलेले हात सुटले.

"चांगलं झालं," तो म्हणाला. पडद्याकडे बघत. "लई चांगलं झालं. जा तुमी."

"एवढंच?"

"...सप्ताहाला या. काल्याला. आयेनं बोलावलंय."

*

काल्याच्या दिवशी मायलेकी पहिल्या एसटीनं मुरबाडला आणि तिथून जीपनं उंबरवाडीला गेल्या. प्रमिलानं मूर्तीसाठी झेंडूचा हार आणला होता. हर्षालीनं इंटरनेटवरच्या पानाचा छापलेला रंगीत कागद आणला होता. तो मंडपाच्या पहिल्या खांबाला लावला, आणि गाव त्यापुढे लोटलं. म्हातारी माणसं बोट लावून मधली जागा चाचपत होती. धोंडूबाई तर मधल्या जागेला कुंकू लावायला निघाली होती; हनुमानाच्या आईनं, यमूबाईनं, तिचा हात धरला. "नको गो. त्यास्नी आवडायचं नाय."

कीर्तन रंगलं. बुवांच्या मागे, कडेला, वीणा गळ्यात घेऊन हनुमान उभा होता. हर्षालीनं आज बुवांकडे बघितलंच नाही. तिला एवढंच दिसत होतं की त्याचे पाय थरथरतायत. पहाटे गावातल्या चंदरची पाळी होती, पण कारखान्यानं त्याला सोडलं नव्हतं. तेव्हापासून हा उभा.

हंडी फुटली. दही उडालं, लाह्या उडाल्या, पोरं चिखलात लोळली. सगळं गाव पंगतीला माळावर गेलं. शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत वीणा उतरवायची नाही, ही तिथली रीत. मंडप रिकामा झाला. दुपारच्या उन्हाचे कवडसे, सांडलेल्या लाह्या, आणि खांबाजवळ एकटा हनुमान.

हर्षाली त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आता पळता यायचं नाही तुम्हाला."

तो कसंनुसं हसला. "नाय खरं."

"आणि खोटंही बोलता यायचं नाही. तुमच्याच गावची रीत."

त्यानं तारेवरचं बोट थांबवलं. मग पुन्हा छेडली. पहाऱ्यात तार गप्प ठेवायची नसते.

"सांगा, मी ठाण्याला जाऊ?"

"जा."

हर्षाली एक पाऊल पुढे आली. "वीणा गळ्यात आहे हं."

"म्हनूनच सांगतो. जा. त्या दिशी तुमी ते न दिसनारं दाखवलंत... असा हात देव कुणालाबी देत नाय. तो ह्या डोंगरात कोंडला, तर मला पाप लागंल."

"एवढंच खरं?"

"एवढंच इचारलंत."

"मग पुढचं विचारते." तिनं डोळे हटवले नाहीत. "मी गेले, तर तुम्हाला कसं वाटेल?"

तार वाजत राहिली. एकदा. दोनदा. बाहेर पंगतीत नामाचा गजर उठला आणि विरला.

"त्या पानावानी," हनुमान म्हणाला. "आत ठेवलेलं काढून घ्यावं... आनि सगळं चेंगरून जावं."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी वीणा नव्हती ना गळ्यात."

ती रडता रडता हसली. तो हसता हसता रडवेला झाला. आणि तेव्हाच त्याचा एक गुडघा वाकला. थकून, नुसता थकून. हर्षाली धावत रांजणापाशी गेली, हातपाय धुतले, पदर कमरेला खोचला आणि परत येऊन म्हणाली, "द्या."

"तुमी?"

"दिवसाचा पहारा बाया करतात ना? धोंडूबाईंना विचारलंय मी. द्या."

हनुमानानं वीणा गळ्यातून काढली. दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरून, हलकेच, हार घालावा तशी तिच्या गळ्यात घातली. आणि वाकून तिच्या पाया पडला. त्याच क्षणी तीही वीणा सावरत वाकली. दोघांची डोकी एकमेकांना लागली. खाली, सारवलेल्या जमिनीपाशी, लाह्यांच्या सड्यात. कोण कुणाला नमस्कार करत होतं? जे हातातून हाताकडे चाललं होतं, त्याला.

ती उठून उभी राहिली. तार छेडली. आणि तिच्या तळव्यांना जाणवलं, जमीन इथं खोलगट आहे. दोन पावलांएवढी. गुळगुळीत. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांनी झिजलेली. तिनं आपले पाय अलगद त्या खळग्यांत ठेवले.

"आता मी इचारतो," हनुमान म्हणाला. त्याचा आवाज इतका हळू होता की जणू जिन्यात पुन्हा बाळ झोपलंय. "खोटं बोलायचं नाय. हर्षाली... माझ्याशी लगीन करशील?"

"आणि ठाणं?"

"तू जा. शिक. रोज ये, नायतर सणाला ये, जमंल तशी ये. तुझी जागा मी धरून ठेवीन. कुणाला दिसणार नाय. पण मिटू देणार नाय."

हर्षालीनं तार छेडली. मग पुन्हा छेडली. आणि मान डोलावली... एकदा, आणि खात्रीसाठी आणखी एकदा.

मंडपाच्या दाराशी भांडं वाजलं. प्रमिला आणि यमूबाई प्रसादाचं ताट घेऊन उभ्या होत्या. किती वेळच्या, देव जाणे.

"यमूबाय," प्रमिला डोळे पुसत म्हणाली, "जल्मभर दुसऱ्यांच्या लेकींसाठी हार ओवले मी. माझीच्या गळ्यात पडला तो बघा... ओवायलाच लागला नाय."

"अरे हनुमान, जेवून घे रे आता," यमूबाई म्हणाली. "पाय बघ कसे कापतायत."

"जेवतो," तो म्हणाला. पण खांबाला टेकून तिथंच खाली बसला, हर्षालीच्या मागे, कडेला. तिथून तो कुणालाच दिसत नव्हता.

तिला मात्र कळत होतं, तो आहे. ती वाजवत राहिली.